छातीवरचा क्रमांक

थंडी पडू लागली की अहिल्यानगरच्या धावपटू-मंडळांत पुण्या-मुंबईच्या मॅरेथॉनचे बेत शिजू लागतात. ही हौस अभिनंदनीय होय. परंतु ऐनवेळी एखाद्या सभासदास जाणे जमले नाही, तर प्रवेशशुल्क वाया जाऊ नये म्हणून त्याचा क्रमांक दुसऱ्याने लावून धावावयाचे, ही चाल निषेधार्ह आहे. त्या कागदी क्रमांकाशी धावणाऱ्याचे नाव, वय आणि घरच्यांचा दूरध्वनी निगडित असतो. वाटेत कोणी कोसळला, तर डॉक्टरांना प्रथम त्याचाच आधार. मग निरोप कोणाच्या घरी जावयाचा? शिवाय वृद्धाच्या क्रमांकावर तरुण धावला, तर त्या वयोगटातील खऱ्या मानकऱ्याचे स्थान हिरावले जाते. १९८० साली बोस्टनमध्ये बहुतेक अंतर गाळून पहिली आलेल्या रोझी रुईझचे विजेतेपद आठ दिवसांत काढून घेतले गेले. तेथे लबाडी उघड होती. येथे ती स्नेहाचे पांघरूण घेऊन येते, एवढाच फरक. आयोजकांनी रीतसर नावबदल मान्य केला तर ठीक. अन्यथा क्रमांक घरीच राहू द्यावा, असा नियम प्रत्येक मंडळाने करावा व तो कसोशीने पाळावा. बुडालेले शुल्क पुन्हा मिळविता येईल. गेलेला जीव आणि गेलेली पत मिळविता येत नाही.