भंगारातून उठलेली मोटार आणि कायद्याची चौकट

इंदिरानगरात वडाळा-पाथर्डी रस्त्यालगतच्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली, गेली दोन वर्षे एका मोटारीची पुनर्बांधणी चालू आहे. मोटार म्हणावे असे तेथे प्रारंभी काही नव्हतेच. इंजिन नाही, चाके नाहीत, काचा नाहीत. भंगारातून आणलेला मारुती एस्टीमचा नुसता सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेला होता. सुझुकीच्या जपानी रचनेवर बेतलेली ही गाडी १९९४ मध्ये आपल्याकडे आली आणि २००७ मध्ये तिचे उत्पादन थांबले. दिसायला ती साधी कौटुंबिक मोटार. परंतु वजनाने हलकी आणि इंजिनाने चपळ असल्यामुळे रॅली-शर्यतींतील हौशी चालकांनी तिला आपलेसे केले होते. नाशिकच्या परिसरातही राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या झालेल्या आहेत. शेडमधला तरुण त्या पाहून वाढला. शिक्षण आयटीआयचे, नोकरी अंबडच्या एका कारखान्यात पाळीची.

प्रस्तुत लेखकाचा विषय अर्थशास्त्र. यंत्रांतले ज्ञान बेताचेच. तरीही संध्याकाळी फिरायला जाताना पावले तेथे रेंगाळू लागली, आणि रेंगाळता रेंगाळता काही गोष्टी समजल्या. सांगाड्याचा जुना रंग खरवडून काढल्यावरच गंजाचा खरा हिशेब लागतो. तळाचा आणि दाराखालच्या पट्टीचा कुजलेला पत्रा कापून तेथे नवा बसवायचा असतो. पण तो सलग जोडत गेले तर उष्णतेने पत्रा ओढला जातो आणि सगळा सांगाडा वाकडा होतो. म्हणून एक टाका येथे, तर दुसरा पलीकडच्या टोकाला, असे करीत, मध्ये थंड होऊ देत पुढे जावे लागते. अधूनमधून दार लावून पाहायचे. फट वर-खाली सारखी आली नाही, तर केलेले काम पुन्हा कापायचे. हा तरुण एकदा सोडून तीनदा कापताना मी पाहिला आहे. आमच्यापैकी किती जण आपल्या वर्गातील टिपणे तीनदा फाडून नव्याने लिहितात, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

या श्रमांची नोंद कोठे होते? राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणितात नवी मोटार धरली जाते, तिच्यावरचा कर धरला जातो, ती मोडीत काढणाऱ्याची कमाईही धरली जाते. स्वतःच्या वस्तूवर स्वतः केलेली दुरुस्ती मात्र, घरच्या स्वयंपाकाप्रमाणेच, हिशेबाबाहेर राहते. एवढ्यावर थांबले असते तर तक्रार नव्हती, कारण गणिताला कोठेतरी सीमा आखावीच लागते. परंतु ज्याची नोंद नाही त्याचे मोल नाही, अशी समजूत धोरणातही उतरलेली दिसते. जुने खासगी वाहन अधिकृत केंद्रात मोडीत काढले, तर नव्या वाहनाच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राने २०२१ मध्ये केली. उलट, १५ वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. रस्त्यावर धूर ओकत फिरणाऱ्या खटाऱ्यांसाठी हे समजण्यासारखे आहे. पण तळापासून नव्याने बांधलेली गाडी आणि खटारा यांत भेद करणारी फूटपट्टी या धोरणाजवळ नाही.

कायद्याची अडचण याहून मोठी आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तबच केले. मग पुरातन वाहनांचा आसरा घ्यावा, तर जुलै २०२१ च्या नियमांत दोन अटी आहेत: वाहन ५० वर्षांहून जुने हवे, आणि त्याच्या सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे गंजलेला तळ कापून नवा पत्रा बसविणे, हीच अपात्रता! आमच्या तरुणाजवळ सांगाड्याचे आरसी बुक आहे, मूळ क्रमांकही शाबूत आहे. परंतु मूळ इंजिनाला तडा गेलेला होता, म्हणून त्याने दुसऱ्या एस्टीमचे इंजिन बसविले आहे, आणि त्या इंजिनाचे कागद भंगाराच्या ढिगात केव्हाच नाहीसे झाले आहेत.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांचे उदाहरण वाचकांना आठवत असेल. भंगारातील सुट्या भागांपासून त्यांनी सुमारे ६० हजार रुपयांत छोटी जीप तयार केली; दुचाकीप्रमाणे ती पायाने किक मारून सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी त्यांचे कौतुक केले; पण नियमांत न बसणारी ही गाडी अधिकारी आज ना उद्या थांबवतील, हेही बोलून दाखविले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. उद्योगपतीच्या औदार्याबद्दल शंका नाही. मात्र कारागिराला नवी गाडी मिळाली आणि त्याची कारागिरी प्रदर्शनाची वस्तू ठरली, हा व्यवहार शासनाला शोभणारा उपाय नव्हे.

ज्या जपानच्या रचनेवर आमची एस्टीम उभी आहे, तेथे काय चालते? १९८९ मध्ये आलेल्या रोडस्टर या आपल्याच खेळकर मोटारीची पूर्ण पुनर्बांधणी करून देण्याची योजना माझदा कंपनीने २०१७ मध्ये जाहीर केली. निस्सानने त्याच वर्षी जुन्या स्कायलाइन जीटी-आरचे, तर टोयोटाने २०२० मध्ये जुन्या सुप्राचे सुटे भाग नव्याने बनविण्याचे ठरविले. दर दोन वर्षांच्या कडक तपासणीसाठी ओळखल्या जाणाऱ्या देशात हे घडते, हे ध्यानात घ्यावे. जुने टिकविणे आणि तपासणी कडक ठेवणे यांत तेथे विरोध मानला जात नाही.

याचा अर्थ वाटेल त्याने वाटेल ते जोडून रस्त्यावर आणावे, असा नव्हे. चोरीच्या गाडीवर भंगारातल्या गाडीचा क्रमांक चढविण्याचे प्रकार घडतात. कच्चा जोड भर वेगात सुटला तर बळी पादचाऱ्याचाही जातो. परंतु या भीतीवर उत्तर एकेका गाडीची स्वतंत्र परीक्षा हे आहे. ब्रिटनमध्ये अशा एकट्या-दुकट्या वाहनाच्या मान्यतेची व्यवस्था आहे. आपल्याकडील नमुना-मान्यता मुख्यतः कारखानदारासाठी आखलेली. एकच गाडी बांधणाऱ्याला तिच्यात शिरायला दार नाही. पुण्यात एआरएआयसारखी १९६६ पासूनची संस्था आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत तंत्रनिकेतने आहेत. जोडांची, ब्रेकची, धुराची तपासणी, प्रत्येक सुट्या भागाच्या खरेदीची पावती, पुनर्बांधणीच्या टप्प्यांची छायाचित्रे आणि पोलिसांचा दाखला, एवढे घेऊन भरभक्कम शुल्कावर मर्यादित नोंदणी देण्यास कोणती हरकत असावी? वर्षाला अमुक इतकेच किलोमीटर, ही अट घातली तरी हे लोक आनंदाने मान्य करतील.

गेल्या रविवारी ते इंजिन प्रथमच सुरू झाले. गल्लीतील मुले गोळा झाली, कोणी पेढे आणले. तरुणाने गाडी शेडच्या उंबऱ्यापर्यंत आणली, क्षणभर थांबविली, आणि पुन्हा मागे घेऊन ठोकळ्यांवर चढविली. परवानगीसाठी अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा, असे त्याने मला विचारले आहे. मी अद्याप शोधतो आहे.