मोडेन पण वाकणार नाही

या सदरात मी आजवर व्याकरण, विद्यार्थी आणि घरची वडीलधारी मंडळी यांच्याविषयी लिहीत आलो. आज दिवाळीच्या मुहूर्तावर मोटारीच्या चाकाविषयी लिहिणार आहे. मराठीच्या प्राध्यापकाने हे भलते धंदे कशाला करावेत, असे काही वाचकांना वाटेल. पण गेल्या वर्षी तीन महिने माझ्या डोक्यात दुसरे काही फिरतच नव्हते, त्याला माझा इलाज नाही.

आमची गाडी २००७ सालची. एका सहकाऱ्याकडून घेतली तेव्हा तिचा रंग विटलेला होता, पण चारही चाके चांदीच्या ताटासारखी लखलखत होती. खरे सांगायचे तर मी चाकांवरच भाळलो. गॅरेजमधली पोरे त्यांना ‘मॅग व्हील’ म्हणतात. हे नाव मॅग्नेशियमवरून पडले, कारण एके काळी शर्यतीच्या गाड्यांना त्या धातूची चाके असत. आमची चाके मात्र ॲल्युमिनियमची. त्यात सुमारे सात टक्के सिलिकॉन, आणि मॅग्नेशियम भाजीत हिंग असावा तितकेच. म्हणजे भाजी दुधीची आणि नाव हिंगाचे!

माझी आत्या पौडच्या पुढे, मुळशी धरणाच्या वाटेवर राहते. आषाढात भाताची लावणी पाहायला आणि पुढे नवा आंबेमोहोर आणायला आम्ही दरवर्षी तिच्याकडे जातो. गेल्या आषाढात परत येताना पिरंगुटच्या घाटात पावसाने गाठले. खड्डा पाण्याने भरला म्हणजे तो रस्त्यासारखाच दिसतो. धाडकन आवाज झाला. मागून कन्येने विचारले, “बाबा, काय मोडलं?” मी उतरून पाहिले. चाक पूर्वीसारखेच चमकत होते. “काही नाही,” मी म्हणालो.

त्यानंतर दर चार दिवसांनी त्या चाकाची हवा उतरू लागली. पंक्चरवाल्याने टायर दोनदा पाण्यात बुडवला, पण भोक सापडेना. तिसऱ्या खेपेस त्याने टायर आणि रिम जिथे मिळतात त्या कडेला साबणाचा फेस लावला, तर आतल्या बाजूने बारीक बुडबुडे येऊ लागले. टायर उतरवल्यावर कडेवर पांढरे खवले दिसले. ॲल्युमिनियमवर हवेतच एक पातळ थर धरतो आणि तो धातूला जपतो. पण वरचा रंग जिथे टवका उडून फुटतो तिथे पाणी आणि चिखल आत शिरून बसतात, आणि मग त्याची पांढरी भुकटी होते. लोखंडाचा गंज तांबडा, तो लगेच चुगली करतो. हा पांढरा गंज रंगाखाली मुकाट्याने वाढत राहतो. टायर नीट बसत नाही आणि हवा झिरपते. पंक्चरवाल्याने कडा घासून गुळगुळीत केल्या. हवा उतरणे कमी झाले, पण थांबले नाही.

एवढ्यात नवरात्र जवळ आले. चारही चाके नव्याने रंगवून घ्यावीत, असे माझ्या मनाने घेतले. सौ. म्हणाली, “आणि आतल्या बाजूचं काय?”

“आतली बाजू कोण बघतो?” असे मी बोलून गेलो. हे वाक्य मी वर्गात कुणा विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकले असते, तर त्याला तासभर उपदेश केला असता.

शेवटी आत्याने पौडकडच्या एका मिस्त्रींचे नाव सुचवले. मिस्त्री साठी उलटलेले. त्यांचे वडील बैलगाडीच्या चाकांना धाव बसवीत. लोखंडी धाव लाल होईपर्यंत तापवायची, लाकडी चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचे. धाव आकसते आणि आरे-पाट्या एकजीव होतात. १९२४ साली तिकडे फ्रान्सात बुगाती यांनी आपल्या ‘टाइप ३५’ या शर्यतीच्या गाडीला ॲल्युमिनियमची ओतीव चाके बसवली, तेव्हा इकडे मुळशी पेट्यात सेनापती बापटांचा सत्याग्रह चालू होता आणि रस्त्यावर अशा बैलगाड्या धावत होत्या.

मिस्त्रींनी चाक यंत्रावर चढवून फिरवले. बाहेरची कड स्थिर होती, आतली कड मात्र लहरत होती. मग त्यांनी आतली बाजू स्वच्छ पुसली, तिच्यावर लाल रंग फवारला, थोड्या वेळाने तोही पुसून टाकला आणि वर पांढरी पूड मारली. पाहता पाहता त्या पांढऱ्यावर बोटाच्या पेराएवढी लाल रेघ उमटली.

“सर, नुसतं वाकलं असतं तर दाबून सरळ केलं असतं. हे तडकलंय.”

शहरातल्या एकाने मला फोनवर सांगितले होते की अर्गॉन वेल्डिंग मारून वर रंग दिला की ओळखूसुद्धा येत नाही. मी ते मिस्त्रींच्या कानावर घातले. ते म्हणाले, “वेल्डिंग मलाही येतं. पण वहिनी आणि लेक याच गाडीत बसणार ना?”

मग त्यांनी कारण समजावले. चाक ओतल्यावर ते सुमारे ५४० अंशांपर्यंत तापवतात, एकदम पाण्यात बुडवतात आणि नंतर दीडशे-पावणेदोनशे अंशांवर काही तास मुरू देतात. चाकाचे बळ या पाकक्रियेत आहे. वेल्डिंगच्या आचेने सांध्याभोवतालची ती सारी मेहनत वाया जाते आणि धातू तिथे मऊ पडतो. वरून पाहणाऱ्याला मात्र रंगच दिसतो.

लोखंडी चाक खड्ड्यात वाकते, पण सहसा तुटत नाही. ओतीव चाकाचा बाणा ‘मोडेन पण वाकणार नाही’ असा. माणसाच्या अंगी हा बाणा शोभतो. घाटात उतरणाऱ्या चाकाच्या अंगी मात्र थोडी लवचीकता असलेली बरी.

निघताना मिस्त्रींनी आणखी चार गोष्टी सांगितल्या. चाके गार झाल्यावर साध्या साबणाने धुवावीत, आतूनसुद्धा, कारण ब्रेकची काळी पूड तिथेच साचते. फरशीचे ॲसिड लावू नये. (आमच्या मातोश्री पितळेप्रमाणे चिंच लावायला निघाल्या होत्या. त्यांना वेळीच थांबवले.) नट एकामागून एक न आवळता समोरासमोरचे आवळावेत, तेही पुस्तिकेत दिलेल्या मापाने, टॉर्कच्या पान्याने. शंभरेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासावेत. जुने चाक विकत घ्यायचे असेल, तर माप जुळते का ते पाहावे आणि आधी ते उलटे करून आतून न्याहाळावे.

त्या चाकाच्या जागी डिकीतली लोखंडी स्टेपनी चढली. माप तेच, रंग काळा. दसऱ्याला गाडीची पूजा झाली ती अशी, तीन चाके चांदीची आणि एक कोळशाचे. शेजारच्या नानांनी विचारले, “सर, एक चाक रुसलंय का?” कन्येने झेंडूची सर्वांत मोठी माळ काळ्या चाकाजवळ ठेवली. त्याच चाकावर आम्ही आत्याकडे जाऊन आंबेमोहोर आणला. जोडीचे चाक मिळायला पुढे पौष उजाडला.

तडकलेले चाक भंगारात देऊ नका, कोणीतरी ते डागून पुन्हा विकेल, असे मिस्त्रींनी बजावले होते. म्हणून ते आमच्या गॅलरीत भिंतीला टेकून उभे आहे. अजूनही ते लखलखते. दिवाळीच्या फराळाला येणारे पाहुणे हटकून म्हणतात, “एवढं चांगलं चाक टाकलंत कशाला?” मी काही बोलत नाही. चाक उलटे करून दाखवतो.