तापीच्या मुखाशी आलेला बिशप

नंदुरबारकरांस तापी नवी नव्हे. प्रकाशे येथे गोमाईस पोटात घेऊन ती पुढे सुरतेकडे जाते. त्या सुरतेस १८२५ साली एक इंग्रज बिशप येऊन पोचला. रेजिनल्ड हेबर त्याचे नाव. आमच्या मुलखात तो आला नाही. परंतु येथल्या भिल्लांच्या भाऊबंदांतून त्याची वाट गेली, म्हणून हे चार शब्द.

हेबरचा जन्म १७८३ चा. ऑक्सफर्डचा विद्वान, कवी आणि एका खेड्यातील धर्मोपदेशक. १८२३ साली तो कलकत्त्याचा दुसरा बिशप म्हणून या देशी उतरला. त्या एका पीठाखाली सारा हिंदुस्थान आणि सिंहलद्वीपही मोडत असे. मुंबईस निराळा बिशप मिळाला तो १८३७ साली. कलकत्त्यास बसूनही त्याचे दिवस मानाने गेले असते. तथापि १८२४ च्या जूनमध्ये, पत्नीस व मुलींस मागे ठेवून, तो नावेने निघाला. ढाक्यास त्याचा सोबती उपाध्याय स्टो आजाराने वारला. तरीही तो मागे फिरला नाही. अलमोडा, दिल्ली, जयपूर, बांसवाडा, बडोदे, सुरत असे करीत दहा महिन्यांनी तो मुंबईस पोचला.

वाटेत लागला तो भिल्लांचा प्रदेश. हेबरनेही त्यांस लुटारू म्हटले आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु तो तेवढ्यावर थांबला नाही. हे या भूमीचे मूळचे लोक, परचक्राने डोंगरात लोटले गेलेले, असे त्याने नमूद केले. त्यांचा शब्द अधिक भरवशाचा, स्वभाव मोकळा, व त्यांच्यात स्त्रियांस मान अधिक, असे तेथील अधिकाऱ्यांकडून ऐकले तेही टिपून ठेवले. त्याच १८२५ साली आमच्या खानदेशात औट्रमने धरणगावी भिल्लांची पलटण उभारण्यास आरंभ केला. ज्यांचे भय, त्यांच्याच हाती राखण दिली गेली.

हेबरच्या धर्मप्रसाराशी आम्हांस कर्तव्य नाही. आम्हांस बोचते ते वेगळेच. आम्ही मास्तरकी करीत असता एकदा वर्गातील कंपासपेटी हरवली. आम्ही सर्वांआधी एका भिल्ल मुलाचे दप्तर उलथे केले. त्यात काही निघाले नाही. इतरांची दप्तरे पाहण्याचे आम्हांस सुचलेही नाही. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा शाळेत आला नाही, व आम्ही त्याच्या पाड्यावर चौकशीस गेलो नाही.

हेबर ३ एप्रिल १८२६ रोजी त्रिचनापल्लीस स्नान करीत असता वारला. वय अवघे ४२. त्याची प्रवासवही त्याच्या पत्नीने १८२८ साली छापविली. वाटेवरचा परका माणूस काही आठवड्यांत जे विचारू शकला, ते आम्ही शेजारी राहून विचारले नाही. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे आमच्या जिल्ह्यात शेकडा सुमारे ६९ लोक आदिवासी आहेत. वाचकांच्या घरी त्यांपैकी कोणी कामास येत असेल, तर घरातील वस्तू सापडेनाशी झाल्यावर प्रथम कोणाचे नाव तोंडी येते, एवढे ज्याने त्याने आपल्याशी पाहावे.