एक माणूस, एक शीड

१९६९ साली कॅनडाच्या ब्रूस कर्बी यांनी फोनवर बोलता बोलता कागदावर एक होडी रेखाटली. मोटारीच्या टपावर मावेल, एकट्याला हाकता येईल अशी. तीच पुढे ‘लेझर’ म्हणून गाजली. लांबी सुमारे ४.२ मीटर, वजन ६० किलोच्या आत, शीड एकच. डोलकाठीचे दोन तुकडे एकमेकांत बसवायचे, त्यावर शिडाची बाही चढवायची, की निघाली! तिचं मोठेपण मला या साधेपणातच दिसतं. सगळ्या होड्या सारख्या, म्हणून शर्यतीत कस लागतो तो वाऱ्याच्या जाणिवेचा आणि मांड्यांतल्या बळाचा. वारा वाढला की खलाशी काठाबाहेर झुकून स्वतःच्या वजनाने तोल सावरतो. १९९६पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. टोकियोत आपली नेत्रा कुमनन याच होडीच्या लहान शिडाच्या प्रकारात उतरली. या अंकाचं मुखपृष्ठ लेझरला दिलंय.