कोणत्या यादीचे रत्न?

आपल्या पेढीवर काउंटरमागे लावलेला बारा महिन्यांच्या रत्नांचा तक्ता या महिन्यात एकदा नीट वाचून पाहावा, अशी विनंती आहे. बारा चौकटी, बारा रंगीत खडे, खाली इंग्रजी महिन्यांची नावे. तक्ता कोणी ठरवला आणि केव्हा, याचा उल्लेख त्यावर बहुधा नसतो. एका दुकानात ऑगस्टचे रत्न पेरिडॉट, तर दुसऱ्यात सार्डोनिक्स. इथे डिसेंबरला फिरोजा, तर तिथे टांझानाइट. गिऱ्हाईक दोन्ही पेढ्या फिरून आलेले असते आणि सरळ विचारते, "यातले खरे कोणते?" त्यावर "आमचेच बरोबर" हे उत्तर आपल्याकडून फार सहज दिले जाते. ते चुकीचे आहे. ज्या धंद्यात माल पारखण्याइतकाच शब्द महत्त्वाचा, तिथे तर ते देऊच नये.

आज जगभर चालणारी यादी १९१२ साली अमेरिकेतल्या सराफांच्या राष्ट्रीय संघटनेने ठरवली. त्याआधी युरोपात वेगवेगळ्या याद्या होत्या. त्यांची मुळे बायबलमधल्या धर्मगुरूच्या उरपट्टीवरील बारा खड्यांपर्यंत नेली जातात. पण त्या खड्यांची ओळखच अभ्यासकांमध्ये वादाची आहे आणि त्यांचा संबंध होता तो बारा वंशांशी, महिन्यांशी नव्हे. आपापल्या जन्ममहिन्याचे एकच रत्न अंगावर घालण्याची चाल तर बरीच अलीकडची. टिफनीचे रत्नतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक कुंझ यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात तिचा उगम अठराव्या शतकातल्या पोलंडमध्ये दाखवला आहे. अशा विस्कळीत परंपरेतून दुकानदाराला वापरता येईल अशी एक यादी संघटनेने तयार केली आणि ती चालली.

ही यादी पुढे गोठून राहिली नाही. ब्रिटनच्या सुवर्णकार संघटनेने १९३७ साली स्वतःची यादी केली. तीत एप्रिलला हिऱ्याच्या जोडीने स्फटिक आला, जुलैला माणकाच्या जोडीने अकीक आणि सप्टेंबरला नीलमाच्या जोडीने लाजवर्द. अमेरिकेत १९५२ साली जूनमध्ये अलेक्झांड्राइट आणि नोव्हेंबरमध्ये सिट्रिन घातले गेले. डिसेंबरमधून लाजवर्द काढून त्या जागी झिरकॉन बसवला. टांझानिया सोडून जगात कुठेही न मिळणारे आणि १९६७ साली प्रकाशात आलेले टांझानाइट २००२ साली डिसेंबरचे रत्न झाले. २०१६ साली ऑगस्टला स्पिनेल मिळाले. जपानच्या व्यापाऱ्यांची १९५८ ची यादी निराळी. तीत मार्चला पोवळे आणि मेमध्ये जेड. २०२१ साली त्यांनीही तीत दहा रत्नांची भर घातली.

स्पिनेलच्या बाबतीत ही दुरुस्ती मला मनापासून योग्य वाटते. ज्याला आपले जुने जवाहिरे लालडी म्हणत, त्या बदख्शानच्या स्पिनेलवर मुघल बादशहा आपली नावे कोरून घेत. 'तैमूर रुबी' म्हणून प्रसिद्ध असलेला खडा प्रत्यक्षात स्पिनेलच आहे. शतकानुशतके माणकाच्या नावाखाली वावरलेल्या या रत्नाला स्वतःच्या नावाने एक महिना मिळाला, हे चांगलेच झाले. टांझानाइटबद्दल तसे म्हणता येत नाही. तिथे खाणीतला माल आणि बाजाराची गरज यांचाच हिशेब मोठा होता. त्यातही लपवण्यासारखे काही नाही. आपल्या जयपूरच्या कारागिरांच्या हातांना त्या खड्याने कितीतरी काम दिले आहे. यादी व्यापाऱ्यांनी केली आणि व्यापाऱ्यांनीच बदलली, एवढे गिऱ्हाइकाला सांगितले की पुरे. वाढदिवसाला प्रेमाने दिलेल्या खड्याला शास्त्राचा दाखला लागत नाही.

आपल्याकडे खरी अडचण येते ती ही यादी नवग्रहांच्या रत्नांमध्ये मिसळल्यावर. रवीचे माणिक, चंद्राचे मोती, मंगळाचे पोवळे, बुधाचा पाचू, गुरूचा पुष्कराज, शुक्राचा हिरा, शनीचा नीलम, राहूचा गोमेद, केतूचा लसण्या ही योजना ग्रहांची आहे. तीत महिना कुठेच येत नाही. पत्रिका पाहणारे लग्न, चंद्ररास, दशा पाहून रत्न सांगतात आणि त्यांच्यातही मतभेद असतात. भरीला पाश्चात्त्य सूर्यराशींची तिसरीच यादी मोबाइलवर फिरत असते. ५ एप्रिलला जन्मलेल्या माणसाचा सूर्य पाश्चात्त्य पद्धतीने मेषेत, आपल्या निरयन पंचांगाने मीनेत, आणि त्याची जन्मरास या दोहोंहून वेगळी असू शकते. या तीन याद्या एकाच तक्त्यावर एकमेकींत मिसळून छापलेल्या मी पाहिल्या आहेत. असा तक्ता आजच उतरवावा.

सप्टेंबरचे उदाहरण घ्या. न्यू जर्सीत राहणारी मुलगी पुण्याच्या आईला फोन करते: नातीचा जन्म सप्टेंबरचा, बारशाला तिच्या महिन्याच्या खड्याचे लॉकेट कर. आई पेढीवर येते. तक्त्यावर सप्टेंबरला नीलम. आपण दाखवतो, ती घेते. घरी आजेसासूबाई विचारतात, "शनीचा खडा? तान्ह्या पोरीच्या गळ्यात? पत्रिका तरी दाखवलीत का?" नीलम उशाखाली ठेवून, चार दिवस स्वप्नं कशी पडतात ते पाहून मगच बोटात घालणारी घरे आपल्याकडे आजही आहेत. त्या घरात ते लॉकेट कपाटात जाते किंवा परत येते, आणि पेढीविषयी मनात एक किंतू राहतो. इथे चूक कोणाची? मुलगी अमेरिकन यादीबद्दल बोलत होती, आजेसासूबाई नवग्रहांबद्दल. दोघींच्या मध्ये उभे असलेले आपण, दोन्ही जाणणारे, गप्प राहिलो.

अशा वेळी पहिला प्रश्न हाच विचारावा: "ताई, भेट म्हणून हवंय की पत्रिकेप्रमाणे?" भेट असेल आणि घरात नीलमाचे भय असेल, तर ब्रिटिश यादीतला लाजवर्द दाखवावा आणि तो कोणत्या यादीतला आहे, हेही सांगावे. पत्रिकेप्रमाणे हवे असेल तर महिन्याचा तक्ता बाजूला ठेवावा. कोणते रत्न घालायचे ते ज्योतिषी सांगतील. खडा काय आहे, ते सांगणे आपले काम. या दोन कामांची अदलाबदल झाली की पेढीचा ज्योतिषी होतो आणि पारख मागे पडते.

पारखीचा मुद्दा नोव्हेंबरला सर्वांत टोकदार होतो. त्या महिन्याचे रत्न टोपाझ. आपल्या कोशांत आणि बोलण्यात टोपाझला पुष्कराज म्हणायची सवय आहे, पण बाजारात गुरूचा पुष्कराज म्हणून विकला जातो तो पिवळा नीलम, म्हणजे कुरुंद. टोपाझची कठिणता ८, विशिष्ट गुरुत्व सुमारे ३.५३, अपवर्तनांक १.६१ ते १.६४ च्या दरम्यान. पिवळ्या नीलमाची कठिणता ९, विशिष्ट गुरुत्व ४ च्या आसपास, अपवर्तनांक १.७६ ते १.७७. रिफ्रॅक्टोमीटरवर हा फरक क्षणात दिसतो. किमतीतला फरक तर सांगायलाच नको. त्यात सुनेला, म्हणजे सिट्रिन, 'गोल्डन टोपाझ' म्हणून खपवण्याची रीत अजून गेलेली नाही. सिट्रिन नोव्हेंबरच्या यादीत स्वतःच्या हक्काने आहे. त्याला दुसऱ्याचे नाव लावण्याची काही गरज नाही.

डिसेंबरच्या झिरकॉनवर याच्या उलट अन्याय होतो. झिरकॉन हे झिरकोनियमचे नैसर्गिक सिलिकेट, पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या खनिजांपैकी एक. पण अमेरिकन डायमंडला, म्हणजे कारखान्यात होणाऱ्या क्युबिक झिरकोनियाला, आपण काउंटरवर सर्रास 'झिरकॉन' म्हणतो. मग खरा झिरकॉन दाखवला की गिऱ्हाईक तोंड फिरवते.

जूनमध्ये मोती, चंद्रकांत आणि अलेक्झांड्राइट अशी तीन रत्ने आहेत आणि त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तिन्ही दाखवा, निवड गिऱ्हाइकाची. मात्र मोती, ओपल, फिरोजा आणि टांझानाइट रोज वापरायच्या अंगठीत बसवताना त्यांचा नाजूकपणा आधी सांगा. हे चारही आणि तेल दिलेला पाचू अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये कधीच घालू नयेत, ही सूचना दुरुस्तीला बसणाऱ्या कारागिरापर्यंतही पोहोचली पाहिजे.

तेव्हा आपल्या सर्व वाचक-व्यावसायिकांना एवढेच आवाहन आहे. तक्त्यावर यादी कोणाची आणि कोणत्या सालची, ते ठळक छापा. नवग्रहांची रत्ने वेगळ्या तक्त्यावर लावा. बिलावर महिना किंवा ग्रह लिहिण्याआधी खनिजाचे नाव लिहा, वजन कॅरेटमध्ये लिहा, आणि खडा तापवलेला, किरणांनी रंगवलेला, काच भरलेला किंवा प्रयोगशाळेत तयार झालेला असेल तर तेही लिहा. टांझानाइट जवळजवळ सर्वच तापवलेले असते आणि बाजारातला निळा टोपाझ बहुतेक किरणांच्या प्रक्रियेतून आलेला असतो. हे सांगितल्याने विक्री अडते, असा माझा अनुभव नाही. बिलाचा असा नमुना करून या दिवाळीपासून तो वापरायला सुरुवात करा, आणि त्यात काय अडचणी आल्या ते आम्हाला कळवा.