खिजरी तलाव ‘कृत्रिम’ ठरवून मोडीत काढू नये

छत्रपती संभाजीनगरमधील, दिल्ली दरवाज्याजवळचे सलीम अली सरोवर मुघलकालीन आहे. त्याचे जुने नाव खिजरी तलाव. नाव पक्षितज्ज्ञाचे लाभले, वाट्याला मात्र सांडपाणी आले.

अशा तळ्यांच्या रक्षणाचा प्रश्न निघाला की एक आक्षेप हमखास येतो: हे तर माणसाने बांधलेले, ही कसली पाणथळ? २०१७ च्या पाणथळविषयक केंद्रीय नियमांनीही पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी वा मनोरंजनासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळले आहेत.

इतिहासाच्या कसोटीवर हा भेद टिकत नाही. दख्खनच्या पठारावर नैसर्गिक तळी मुळातच थोडी. लोणारसारखा अपवाद विरळा. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ नांदूर मध्यमेश्वर (२०२०) घडले ते गोदावरीवरील बंधाऱ्यामुळेच. भरतपूरचे केवलादेवही बांधाचीच देणगी. बांध कोणी घातला याच्याशी पाणपक्ष्यांना कर्तव्य नसते. उथळ पाणी, गाळ आणि काठची पाणवनस्पती त्यांना पुरते. (सुशोभीकरणात पहिला बळी नेमका या काठाचाच जातो.)

महापालिकेने आधी सांडपाणी अडवावे आणि दलदलीचा काठ दगड-सिमेंटने न बांधता तसाच राखावा. कारंजी आणि नौकाविहार यांचा विचार त्यानंतर, तोही पक्षी अभ्यासकांना विचारून.