विश्लेषण : जुन्या संगणकात नवा प्रोसेसर बसतो, पण चालतो का?

विंडोज १० या संगणक प्रणालीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. तेव्हापासून नाहूर, भांडुप, मुलुंड या पट्ट्यातील औद्योगिक गाळे, सीएंची लहान कार्यालये आणि घरांमध्ये आठ-दहा वर्षे जुन्या पीसीचे काय करायचे, हा प्रश्न आहे. यंत्र धडधाकट आहे, टॅली चालते, जीएसटीचे विवरणपत्र भरले जाते. पण ‘हा पीसी विंडोज ११ साठी पात्र नाही’ असा संदेश येतो. मग सर्वात स्वस्त वाटणारा उपाय सुचतो : नुसता प्रोसेसर बदलला तर? अनेकदा याच ठिकाणी पैसे वाया जातात.

विंडोज ११ ला नेमके काय हवे?

कागदावरच्या अटी साध्या आहेत. चार जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, यूईएफआय प्रकारचे बायोस, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप. खरी अडचण प्रोसेसरच्या यादीची आहे. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा, एएमडीचा रायझेन २००० मालिकेतील किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे अगदी मोजके अपवाद वगळता बाहेर. सहाव्या-सातव्या पिढीच्या बऱ्याच संगणकांत टीपीएम २.० ची सोय बायोसमध्येच असते, फक्त ती सुरू करावी लागते. म्हणजे तिथे टीपीएम हा अडथळा नसतोच. ‘टीपीएम चिप लावून देतो’ असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर आधी प्रोसेसरचा क्रमांक पाहावा.

सॉकेट एकच, मग अडते कुठे?

२०१६ च्या सुमारास असेम्बल केलेल्या कार्यालयीन पीसीमध्ये सर्रास दिसणारी जोडी म्हणजे कोअर आय-५ ६५०० प्रोसेसर आणि एच११० चिपसेटचा मदरबोर्ड. त्याचे सॉकेट एलजीए ११५१. आठव्या पिढीतील आय-५ ८४०० चे सॉकेटही एलजीए ११५१. खाचा जुळतात, प्रोसेसर अलगद बसतो. संगणक मात्र सुरू होत नाही.

कारण पिनांची संख्या तीच राहिली तरी त्यांचे काम बदलले. आठव्या पिढीत गाभे चारावरून सहावर गेले, वीज जास्त लागू लागली. त्यामुळे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या पिना १२८ वरून १४६ करण्यात आल्या आणि राखीव पिना ४६ वरून २५ वर आल्या. इंटेलने २०१७ मध्ये या प्रोसेसरसाठी ३०० मालिकेचे चिपसेट सक्तीचे केले. ही सक्ती कितपत तांत्रिक आणि कितपत व्यापारी, हा वाद तेव्हा बराच रंगला. हौशी तंत्रज्ञांनी बायोसमध्ये फेरफार करून आणि काही पिनांवर चिकटपट्टी लावून आठव्या पिढीचे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवूनही दाखवले. तेव्हा तांत्रिक कारण खरे असले तरी पुरेसे नव्हते, असे म्हणायला जागा आहे. पण ज्या यंत्रावर महिन्याचा पगारपत्रक तयार होतो, तिथे असा प्रयोग करू नये.

मग त्या एच११० बोर्डवर काय बसेल? फार तर सातव्या पिढीचा आय-७ ७७००. तो बसतो, बायोस अद्ययावत असेल तर चालतो, आणि वेगही वाढतो. मात्र विंडोज ११ च्या यादीत तोही नाही. ज्या कामासाठी पैसे घातले तेच होत नाही.

एएमडीवाल्यांचे गणित वेगळे का?

एएमडीने एएम४ हे सॉकेट २०१७ च्या पहिल्या रायझेनपासून ५००० मालिकेपर्यंत कायम ठेवले. तेही सरळपणे झाले नाही. २०२० मध्ये कंपनीने ४०० मालिकेच्या बोर्डांना नवे प्रोसेसर चालणार नाहीत असे सांगितले होते. ग्राहकांच्या नाराजीनंतर तो निर्णय फिरवला गेला, आणि २०२२ मध्ये तर ए३२० सारख्या सर्वात स्वस्त बोर्डांनाही ५००० मालिकेचा आधार मिळू लागला. एक अडचण बायोस साठवणाऱ्या चिपच्या आकाराची होती. १६ एमबीच्या चिपमध्ये सगळ्या पिढ्यांची माहिती मावत नव्हती, म्हणून काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरचा आधार काढला गेला.

त्यामुळे २०१७ चा ए३२० बोर्ड आणि रायझेन १६०० असलेल्या माणसाला फक्त प्रोसेसर बदलून विंडोज ११ पर्यंत जाता येते. आधी जुना प्रोसेसर असतानाच बायोस अद्ययावत करायचे, मग रायझेन ५६०० बसवायचा. क्रम उलटा केला तर पडदा काळाच राहतो. क्रमांकांनीही फसू नये : २२००जी आणि २४००जी हे नावाने २००० मालिकेतले असले तरी आतून पहिल्या पिढीचे आहेत आणि यादीत नाहीत.

पूर्वी असे ‘अपग्रेड बोर्ड’ मिळत ना?

मिळत. १९८७ मध्ये इंटेलनेच ‘इनबोर्ड ३८६’ नावाचे कार्ड विकायला काढले होते. जुन्या पीसीत ते खोचले की ३८६ प्रोसेसरचा वेग मिळे. १९९२ पासून ४८६ संगणकांसाठी ‘ओव्हरड्राइव्ह’ प्रोसेसर आले, १९९५ मध्ये पेंटियम ओव्हरड्राइव्ह आला. त्यावर विजेचा दाब कमी करणारे सर्किट आणि पंखाही बसवलेला असे, कारण जुना बोर्ड पाच व्होल्ट देई आणि नव्या चिपला कमी दाब लागे. तेव्हाही सुसंगतीची रडकथा होतीच. पुढे रॅमचा नियंत्रक प्रोसेसरच्या आत गेला आणि असे मधले कार्ड टाकणे जवळपास अशक्य झाले. आजचा प्रोसेसर थेट रॅमशी बोलतो. त्यामुळे प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम ही तिघे एकत्रच बदलतात.

बाजारात आज उलटा प्रकार दिसतो. जुन्या प्रोसेसरसाठी नवे बोर्ड! एच६१, एच८१ या दशकभर जुन्या चिपसेटचे नवे कोरे बोर्ड आजही विकले जातात, काहींवर एनव्हीएमई एसएसडीची खाचही असते. जळालेल्या बोर्डच्या जागी ते ठीक आहेत. पण एच६१ वर चालतात ते दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर, एच८१ वर चौथ्या. ‘नवा बोर्ड’ म्हणून विंडोज ११ च्या आशेने ते घेणे व्यर्थ आहे.

खर्च कुठे वाचतो?

नाहूरहून धीमी लोकल पकडून, दादरला पश्चिम रेल्वेवर बदलून ग्रँट रोडला उतरायचे आणि लॅमिंग्टन रोड गाठायचा, हा मुंबईकरांचा जुना रिवाज. जाण्याआधी घरच्या पीसीची रॅम डीडीआर३ आहे की डीडीआर४, हे पाहून जावे. सध्या हा मुद्दा कळीचा आहे. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीपासून रॅम महागली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा ब्रँडच बंद करण्याचे जाहीर केले.

जुनी रॅम डीडीआर४ असेल तर एच६१० चिपसेटचा डीडीआर४ प्रकारचा बोर्ड आणि बाराव्या पिढीचा आय-३ घेऊन तीच रॅम, तेच कॅबिनेट आणि एसएसडी वापरता येते. एच६१० बोर्ड डीडीआर५ प्रकारातही येतात, तेव्हा दुकानात स्पष्ट सांगावे. प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसते, वेगळे कार्ड लागते. कंपनीचा ब्रँडेड डेस्कटॉप असेल तर थांबावे. त्यातील अनेकांचा एसएमपीएस नेहमीच्या २४ पिनी जोडणीचा नसतो आणि बोर्डचा आकारही स्वतःचाच असतो. शिवाय संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो. बोर्ड बदलला की तो नव्याने घ्यावा लागू शकतो, आणि हा खर्च कोटेशनमध्ये सहसा नसतो.

काहीच न बदलता वेळ काढता येतो का?

घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय आहे. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खाते आणि विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती लागते. सेटिंग्जचा बॅकअप खात्याशी जोडला तर ती मोफत आहे, नाही तर ३० डॉलर. व्यवसायांसाठी वेगळी योजना आहे : पहिल्या वर्षी प्रति यंत्र ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षे. अटी चुकवून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्याही फिरतात. कोअर २ ड्युओच्या काळातील प्रोसेसरवर मात्र २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही सूचना त्या चिपमध्ये मुळातच नाहीत. टॅली किंवा डिजिटल स्वाक्षरीची गरज नसलेल्या घरच्या पीसीवर लिनक्स मिंट बरे चालते.

गाळ्यातील यंत्राला जोडलेला पीसी हा वेगळाच विषय. तिथे जुनी पॅरलल किंवा सीरियल जोडणी लागते, आणि यंत्रासोबत आलेले सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेलच असे नाही. अशा पीसीचा प्रोसेसर बदलण्यापेक्षा त्याचे इंटरनेट काढावे, डिस्कची पूर्ण प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवावी, आणि त्याच चिपसेटचा एक जुना बोर्ड मिळतोय तोवर घेऊन कपाटात ठेवावा.